वस्तीवरची पोरं आणि ट्रॅक्टर: घरातल्या मोठ्यांनी काय काय करायचं

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडच्या वस्तीवर नणंदेची पोरं आली होती. दुपारी चारचा सुमार. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली होती आणि शेणखत भरायला ती उकिरड्याकडं मागं घ्यायची होती. मी गोठ्यात होते. जाऊबाई स्लॅबवर शेंगा वाळत घालत होत्या. तिथून त्या जीव खाऊन ओरडल्या, "थांबवा! गाडी थांबवा!" आमच्या ह्यांनी क्लच-ब्रेक एकदम दाबला. नणंदेचा चार वर्षांचा धाकटा ट्रॉलीच्या चाकाजवळ सावलीला बसून मातीत रस्ता करत होता. गाडी हातभर सरकली होती. त्याची बाजूला काढून ठेवलेली चप्पल टायरखाली गेली, बाकी काही झालं नाही. तो रडलाही नाही, चप्पल मागत राहिला. रडलो आम्ही.

आधी सगळे त्याच्यावर ओरडलो, मग त्याच्या आईवर. रात्री जेवताना हे म्हणाले, "मी मागं वळून बघितलं होतं गं. मला काहीच दिसलं नाही." त्या वाक्यावर मी रात्रभर विचार करत पडले. चार वर्षांच्या लेकराला सावली हवी होती, ती त्याला मिळाली. चूक त्याची नव्हती. चूक आमच्या अंगणाची आणि आमच्या सवयीची होती. "पोरांना कळत कसं नाही" असं आपण म्हणतो, पण कळायला हवं ते आपल्याला. पोराला समजावणं हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीचे सगळे उपाय मोठ्या माणसांच्या हातात असतात. त्या दिवसानंतर आम्ही एकेक करून जे बदललं, ते इथं सविस्तर लिहिते आहे. सांगली-साताऱ्याकडं घर, गोठा आणि शेड एकाच अंगणात असलेल्या शेकडो वस्त्या आहेत, म्हणून वाटतं की तुमच्याही कामी येईल.

सुरुवात सीटवर बसून करा

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ट्रॅक्टरच्या सीटवर बसले. इंजिन बंद, किल्ली ह्यांच्या खिशात, ट्रॉली जोडलेली. दिरांना सांगितलं, लाल बादली ट्रॉलीच्या मागं ठेवा. मान वळवून पाहिलं तर फक्त ट्रॉलीचा फाळका दिसला. ते बादली मागं मागं नेत गेले. ती माझ्या नजरेला पडली तेव्हा ते जवळजवळ वीस पावलं लांब होते. वीस पावलांत बालवाडीचा अख्खा वर्ग मावतो, आणि तो चालवणाऱ्याला दिसणार नाही.

हा प्रयोग घरातल्या प्रत्येकाला करायला लावा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, आजी-आजोबांना, आणि सहा-सात वर्षांपुढच्या पोरांनाही. पोराला सीटवर बसवा, त्याच्या भावाला किंवा बहिणीला ट्रॉलीमागं उभं करा आणि विचारा, "दिसतो का तुझा दादा?" आमचा मुलगा दोनदा म्हणाला, "नाही दिसत, तो कुठंय?" दहा वेळा ओरडून सांगितलं असतं तरी त्याला जे कळलं नसतं, ते त्या दोन मिनिटांत कळलं. 'ड्रायव्हर मला बघतोय' असं पोरांना वाटत असतं. आपल्याला ट्रॅक्टर दिसतो म्हणजे ट्रॅक्टरवाल्यालाही आपण दिसतो, हा त्यांचा समज आधी मोडायला हवा.

बोनेटच्या पुढंही असंच. लहान मूल पुढच्या चाकापाशी उभं असेल तर सीटवरून दिसत नाही. आणि मागचं चाक सव्वाचार-साडेचार फूट उंच असतं, म्हणजे पहिली-दुसरीतलं पोर त्याच्या आड उभ्यानं लपतं.

अंगणाची वाटणी

वस्तीला गावातल्या घरासारखं दार-उंबरा-रस्ता असं नसतं. पडवीतून उतरलं की शेड, शेडला लागून गोठा, आणि मधल्या जागेतून ट्रॅक्टर वळतो. पोरं तिथंच खेळतात कारण सपाट जागा तेवढीच.

आम्ही काय केलं ते सांगते. घराच्या पूर्वेला, शेडच्या उलट दिशेला, पोरांसाठी जागा केली. झोका, वाळूचा ढीग, आणि वर शेडनेटची सावली. सावलीचं महत्त्व मी चपलेच्या प्रसंगातून शिकले. पोरांच्या जागेला सावली नसेल तर ती ट्रॉलीखालीच जाणार. या जागेला कंबरेएवढी जाळी आणि एक फाटक आहे. द्राक्षबागेच्या जुन्या तारा आणि अँगल पडून होते, ते वापरले. फाटकाची कडी बाहेरून आणि वरच्या बाजूला लावली.

पडवीच्या पायरीलाही एक बुटकं फाटक बसवलं. रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालायला लागलेल्या बाळासाठी ते फार उपयोगी आहे. "पोर आजीजवळ आहे" असं सगळे धरून चालतात, आणि आजी दूध तापवायला उठलेली असते.

मग शेडसमोर चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाय टाकायचा नाही. चुना दर पंधरा दिवसांनी पोरांकडूनच नव्याने मारून घेते, त्यामुळे ती रेघ त्यांना आपली वाटते. पण एक लक्षात ठेवा. रेघ सहा-सात वर्षांपुढच्या पोरांसाठी असते. तीन-चार वर्षांच्या लेकराला रेघ कळत नाही, त्याला जाळीच हवी.

शेततळं किंवा विहीर जवळ असेल तर तिकडंही कुंपण हवंच. तो विषय मोठा आहे, इथं तेवढंच सांगते.

गाडी हलवण्याआधी

आमच्याकडं आता तीन गोष्टी झाल्याशिवाय ट्रॅक्टर जागचा हलत नाही. पहिली, चालवणाऱ्यानं गाडीभोवती चालत एक पूर्ण फेरी मारायची आणि ट्रॉलीखाली वाकून बघायचं. दुसरी, सगळी पोरं तुळशीच्या कट्ट्यावर. तिसरी, कट्ट्यावरच्या मोठ्या माणसानं पोरं मोजून हात वर करायचा. हात वर दिसला की दोनदा हॉर्न, मग स्टार्टर.

"पोरं आत आहेत" हे चालत नाही. आकडा सांगायचा. घरात तीन असतील तर तीन, सुट्टीत पाहुणे आले आणि सात झाली तर सात. आमच्या सासूबाई हे काम करतात आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय हात वर करत नाहीत. एकदा सहाच भरली म्हणून ट्रॅक्टर पाच मिनिटं खोळंबला होता. सातवं पोर न्हाणीघरात होतं.

मागं घ्यायच्या वेळी एक माणूस खाली उभं पाहिजे, चालवणाऱ्याला आरशात किंवा वळून दिसेल अशा बाजूला. तो माणूस दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. रिव्हर्सला वाजणारा हॉर्नही बसवून घ्या, कुठलाही ऑटो-इलेक्ट्रिशियन लावून देतो. पण त्याच्यावर विसंबू नका. आवाज ऐकून मोठं माणूस बाजूला होतं, लहान पोर आवाजाकडं बघत जागीच उभं राहतं.

मडगार्ड, मांडी आणि आजोबांचं मन

हा भाग सगळ्यात अवघड, कारण इथं समोर यंत्र नसतं, माया असते.

आमचे आबा, म्हणजे सासरे. त्यांनी त्यांच्या तिन्ही मुलांना मडगार्डवर बसवून रानात नेलं. नातवालाही तसंच न्यायचे. नातू सहा वर्षांचा, एक हात आबांच्या खांद्यावर, रोज संध्याकाळी ऐटीत. मला ते बघायला आवडायचं, हे कबूल करते. पण हिशेब करून बघा. ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं, ताशी पाच किलोमीटरनं चालला तरी तो सेकंदाला जवळजवळ दीड मीटर पुढं जातो. मडगार्डच्या बरोबर खाली आणि पुढं मागचं चाक. दंडावरून, पाटावरून एक धक्का बसला आणि पोर घसरलं, तर चाक त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. आपला पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो. चालवणारा कितीही पट्टीचा असो, हे गणित बदलत नाही. ४५-५० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या घरात असतं.

मांडीवर बसवणं त्याहून बरं वाटतं, पण तेही नाही. पोर मांडीवर असलं की स्टेअरिंगवरचा एक हात त्याला धरण्यात गुंततो, आणि पोराचा पाय कुठल्या तरी लिव्हरला लागतो. मागं हूकवर, अवजार जोडायच्या टॉपलिंकजवळ, माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरवर किंवा नांगराच्या फ्रेमवर उभं राहणं तर अजिबातच नाही. सीट एक, माणूस एक. नियमही हेच सांगतो, चालकाशिवाय ट्रॅक्टरवर कुणी बसायचं नाही.

आबांना मी हे थेट सांगितलं नाही. सुनेनं सासऱ्यांना "तुमचं चुकतंय" म्हणायचं, तर ऐकण्यापेक्षा राग जास्त येणार. ह्यांच्याकडूनही निभलं नाही. शेवटी मी एवढंच म्हणाले, "आबा, पोरं फक्त तुमचं ऐकतात. ट्रॅक्टरवर बसायचं नाही हे तुम्हीच सांगा, आमचं कोण ऐकतंय?" दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नातू पळत आला, तर त्यांनी त्याला उचललं, खाली कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून तू मोजणीला." आता ते कुणाचंच पोर चढू देत नाहीत, शेजाऱ्याचंही नाही.

पोराची हौस मात्र मारू नका. ट्रॅक्टर बंद, किल्ली काढलेली, अवजार जमिनीला टेकलेलं आणि आपण शेजारी उभे, अशा वेळी त्याला सीटवर बसू द्या, स्टेअरिंग धरू द्या, फोटो काढा. धुवायला बरोबर घ्या. आणि बालवाडीतल्या पोराला रानात न्यायचंच असेल तर मोटरसायकलवर पुढ्यात नको, हात धरून चालत न्या. वेळ लागतो, लागू द्या.

गाडी लावण्याची रीत

रानातून आल्यावर दमलेला माणूस ट्रॅक्टर दारात उभा करतो, किल्ली तशीच ठेवतो आणि चहाला आत येतो. अपघाताला तेवढा वेळ पुरतो.

उतरण्याआधी अवजार पूर्ण खाली सोडा. उचललेला रोटर किंवा पल्टी नांगर इंजिन बंद असतानाही हायड्रॉलिकच्या लिव्हरला नुसता हात लागला तरी धाडकन खाली येतो, आणि त्याच्याखाली सावली असते. गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, उतार असेल तर चाकाला दगड लावा. किल्ली काढा आणि घरात उंच खुंटीला अडकवा. जुन्या ट्रॅक्टरांना कुठलीही किल्ली चालते, काही तर खिळ्यानंही सुरू होतात. अशा गाडीला बॅटरीचा कट-ऑफ स्विच बसवून घ्या.

सोडलेली ट्रॉली नुसत्या दगडाच्या टेकूवर ठेवू नका. पोरं तिच्या मागच्या टोकाला लोंबकळतात आणि दोन चाकांची ट्रॉली मागं कलंडते. डंपिंग ट्रॉली वर उचललेली असताना तिच्याखाली कुणीच जायचं नाही, मोठ्यांनीही नाही. काढून ठेवलेले नांगर, फण, सरीचे रेजर आडवे करून भिंतीकडं, टोकं आत करून ठेवा.

पीटीओचा शाफ्ट

रोटर, मळणी यंत्र, औषध फवारायचा ब्लोअर, पाचट कुट्टी. या सगळ्यांना ट्रॅक्टरच्या मागून ताकद देणारा हा फिरता दांडा. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पापणी लवते तोवर दोन-तीन फेरे झालेले असतात. दांड्याचा घेर वीतभर धरला तरी सेकंदाला दोन मीटरच्या आसपास कापड तो स्वतःभोवती गुंडाळतो. ओढणी, साडीचा पदर, स्वेटरची लोंबती बाही, वेणीची रिबीन, पोराच्या गळ्यातला ताईत किंवा कमरेचा करदोटा, काहीही पुरतं. एकदा धरलं की सोडवायला वेळच मिळत नाही. ओढून काढू असं वाटतं, पण नऊ फेऱ्यांपुढं माणसाची ओढ काहीच नाही.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं. नवीन अवजाराबरोबर ते येतं. मग कधीतरी ते फुटतं किंवा ग्रीस मारताना अडचण होते म्हणून काढून ठेवलं जातं, आणि परत कुणी बसवत नाही. आमच्या रोटरचं कव्हर तीन वर्षं शेडच्या माळ्यावर पडून होतं. ते शोधून, धुऊन पुन्हा बसवलं. मोडलं असेल तर अवजारांच्या सुट्ट्या भागांच्या दुकानात मिळतं. कव्हर बसवल्यावर इंजिन बंद असताना ते हाताने फिरवून बघा. शाफ्ट जागेवर आणि कव्हर सैल फिरतंय, असं असेल तर ते बरोबर. कव्हरची साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली हवी, नाहीतर तेही शाफ्टबरोबर गरगरतं. ट्रॅक्टरच्या पीटीओवरचं लोखंडी झाकणही जागेवर हवं.

पोरांसाठी नियम एकच. पीटीओवर काही चालू असेल तर पोर त्या रानातच नाही, बांधावरही नाही. रोटर दगड उडवतो. मोठ्यांसाठी नियम दुसरा. पोर जवळ येताना दिसलं तर हातवारे करत बसू नका, आधी पीटीओ बंद करा, मग हाक मारा.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, अवजारांना हळद-कुंकू वाहतो. आमच्याकडं आता त्याच दिवशी पूजेआधी सगळी कव्हरं, झाकणं, पट्ट्यांच्या जाळ्या तपासल्या जातात. ज्याचं कव्हर नाही, ते अवजार दुरुस्त होईपर्यंत शेडमधून बाहेर निघत नाही.

कडबा कुट्टी

ट्रॅक्टरबद्दल सगळे बोलतात. मला मात्र कुट्टी मशीनची, म्हणजे वैरण बारीक कापायच्या यंत्राची, भीती जास्त वाटते. ट्रॅक्टर रानात जातो, हे मशीन चोवीस तास गोठ्यात असतं. दिवसातून दोनदा आम्ही बायकाच ते चालवतो, आणि लेकरं आमच्याच मागं मागं असतात. हंगामात उसाचं वाडं, एरवी हत्ती गवत आणि कडबा. आवाजाची, उडणाऱ्या चाऱ्याची पोरांना गंमत वाटते. ती मूठभर वाडं घेतात आणि आईसारखं मशीनच्या तोंडात सारायला बघतात. वैरण आत ओढणाऱ्या रोलरनं ती धरली की ती सोडली तरच हात वाचतो, आणि लहान पोर घाबरलं की मूठ आणखी आवळतं.

आमचं मशीन दोन हॉर्सपॉवरच्या मोटरवर, घरच्या सिंगल फेजवर चालतं. एके संध्याकाळी कुट्टी करतानाच लाईट गेली. मी बटण तसंच ठेवून म्हशीचं दूध काढायला बसले. दहा-बारा मिनिटांनी लाईट आली आणि मशीन आपोआप धडधडायला लागलं. तेव्हा तिथं कुणी नव्हतं. पण माझ्या मनात आलं, या दहा मिनिटांत माझी पोरगी तिथं अडकलेलं वाडं उपसत बसली असती तर? बंद पडलेलं मशीन आणि बंद केलेलं मशीन यातला फरक पोराला कळत नाही. त्या दिवसापर्यंत मलाही नीट कळला नव्हता.

त्यानंतर केलेले बदल, ज्या क्रमानं केले त्याच क्रमानं:

१. साध्या बटणाच्या जागी स्टार्टर बसवला. लाईट गेली की तो सुटतो, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. इलेक्ट्रिशियनला हेच शब्द सांगा, त्याला कळतं. पाणी उपसायच्या मोटरला लाईट आली की आपोआप सुरू करणारा ऑटो लावतात, तो कुट्टीला कधीही लावू नका.

२. स्टार्टरची पेटी डोक्याच्या उंचीला घेतली आणि तिला छोटं कुलूप लावलं. पण बंद करायचं लाल बटण उघडं आणि वैरण घालणाऱ्याच्या हाताशी ठेवलं. कुलूपबंद पेटीत लाल बटण अडकवलं तर वेळेला काय उपयोग?

३. गोठ्याच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लावली आणि मशीनला अर्थिंग करून घेतलं. गोठ्यात ओल असते, पोरं अनवाणी असतात.

४. मोटरच्या पट्ट्याला आणि मोठ्या चाकाला जाळी केली. गावातल्या वेल्डरनं अर्ध्या दिवसात करून दिली. पाती त्या मोठ्या चाकावरच असतात, आणि बटण बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं.

५. वैरण सारायचं तोंड लांब करून घेतलं. मळणी यंत्राच्या भारतीय मानकात हे तोंड निदान ९० सेंटिमीटर लांब आणि आतल्या बाजूचं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं असावं असं आहे. तोच हिशेब मी वेल्डरला सांगितला. लहान पोराचाच काय, माझाही हात आता रोलरपर्यंत पोचत नाही.

६. काम झालं की चाकाच्या आऱ्यांतून साखळी घालून कुलूप लावते. लाईट नसतानाही हे चाक पोरांनी हाताने फिरवलं तर बोट तुटतं. जुनं हाताचं कुट्टी मशीन शेडमध्ये पडून असेल तर त्यालाही साखळी, नाहीतर पाती काढून ठेवा.

आणि कुट्टीची वेळ. मी ती पोरं शाळेत असतानाची केली. सकाळची कुट्टी अकराच्या पुढं, आणि संध्याकाळचीही तेव्हाच करून ठेवते. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी मोठं माणूस पोरांना घेऊन बसल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. पैसे लागले ते स्टार्टरला आणि वेल्डरला. वेळ बदलायला काहीच लागलं नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

सोयाबीन-ज्वारीच्या मळणीला आणि हळद पॉलिशच्या ड्रमला हेच लागू: पट्ट्याला जाळी, तोंडाला झाकण, पोरं लांब. हळद शिजवायच्या ठिकाणी वाफ आणि उकळतं पाणी असतं, तिथं तर अंगणातही नकोत. द्राक्षबागेत ब्लोअर चालू असताना चालवणाऱ्याला ओळीतलं पोर ना दिसतं ना ऐकू येतं, आणि औषध अंगावर येतं ते वेगळंच. बागेच्या वाटेला दोरी बांधा आणि फवारणी संपेपर्यंत ती सोडू नका.

उसाचा हंगाम

दिवाळी सरली की आमचे रस्ते बदलतात. कुंडलकडं, वांगीकडं, साखराळ्याकडं, आणि तिकडं कऱ्हाड तालुक्यात रेठऱ्याकडं, साखर कारखान्यांना ऊस नेणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस. शाळा सुटली की पोरं ट्रॉलीमागं धावतात आणि ऊस ओढतात. आम्हीही लहानपणी ओढला. म्हणूनच कुणी रागावत नाही. पण ऊस मोळीत अडकलेला असतो. ओढताना तो एकदम सुटतो आणि पोर तोल जाऊन मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडं पडतं. दोन ट्रॉल्यांच्या मधे गेलेलं पोर चालकाला कळणारही नाही. घरात ऊस आणून ठेवा, कांडी करून डब्यात द्या. खायला मिळाला की निम्मी पोरं धावायची थांबतात, हा माझा अनुभव आहे. उरलेल्यांसाठी शाळेच्या शिक्षकांशी बोला. हंगामात शाळा सुटताना एक मोठं माणूस रस्त्यावर उभं राहिलं तरी पुष्कळ होतं.

आणि आपल्या रानात तोडीला आलेल्या टोळीची लेकरं. बीडकडून आलेली ही माणसं पहाटेपासून फडात असतात आणि तान्ही पोरं पाचटावर, साडीच्या झोळीत किंवा उभ्या गाडीच्या सावलीला झोपवलेली असतात. रात्री भरणी चालते, अंधारात ट्रॅक्टर फडात मागंपुढं होतो. त्या आईला "पोर सांभाळ" म्हणून भागत नाही, तिच्या हातात कोयता असतो. रान आपलं आहे, सोय आपण करायची. आम्ही बांधावर, गाडीच्या वाटेपासून लांब, चार बांबू आणि ताडपत्रीची सावली करतो, पाण्याची घागर ठेवतो आणि मुकादमाला सांगतो की पोरं इथंच राहतील. रात्री तिथं एक बॅटरीवरचा दिवा. गाडी फडात शिरण्याआधी चालकानं मुकादमाला विचारायचं, "लेकरं किती, कुठं?" आपल्या अंगणातली मोजणीच इथंही.

वाढत्या वयाची पोरं

बारा-तेरा वर्षांचा मुलगा घरात असला की त्याला हाक येतेच, "ये रे, जरा पिन घाल." ट्रॅक्टर मागं येतोय, ट्रॉलीचा दांडा पुढं आहे, आणि मधे पोर. क्लचवरून पाय निसटला तर त्याला सरायला जागा नसते. ट्रॉली जोडायचं काम मोठ्या माणसाचं, आणि तेही गाडी पूर्ण थांबवून. या वयाच्या पोराला काम द्यायचंच असेल तर डिझेल-ऑइलच्या नोंदी, अवजार धुणं, कव्हरं तपासून यादी करणं, मोजणीला उभं राहणं ही कामं आहेत. आमच्या पोराची वही माझ्या वहीपेक्षा नीट असते.

"आमचा पोरगा आठवीत आहे, पण ट्रॅक्टर काय मस्त चालवतो!" हे कौतुकानं सांगितलं जातं. चालवता येणं आणि अडचणीत निर्णय घेता येणं वेगळं. पाटाच्या कडेला एक चाक खचलं की काय करायचं, हे चौदा वर्षांच्या पोराला सुचत नाही. कायद्यानंही १८ वर्षांच्या आत रस्त्यावर ट्रॅक्टर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. घरापासून रानापर्यंतचा गावरस्ताही रस्ताच असतो.

तरीही काही घडलंच तर

आधी यंत्र बंद. ट्रॅक्टर असेल तर इंजिन, कुट्टी असेल तर मेन स्विच. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, ट्रॅक्टर न चालवणाऱ्या आजीलासुद्धा, इंजिन बंद करायची दांडी कुठं आहे आणि ती कशी ओढायची हे माहीत हवं. मी सासूबाईंना ती तीनदा ओढायला लावली.

हात रोलरमध्ये अडकला असेल तर ओढू नका, आणि मोटर उलटी फिरवून काढायचा प्रयत्न करू नका. मोठं चाक फिरवू नका, पाती त्याच चाकावर आहेत. मेन बंद, पट्टा उतरवा, वरच्या रोलरचे बोल्ट आणि स्प्रिंग सैल करून रोलर उचला. त्या मापाचा पाना मशीनलाच तारेनं बांधून ठेवा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा आणि दाब सोडू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. आपली सांगली हळदीची, हात आपोआप हळदीच्या डब्याकडं जातो. मोठ्या जखमेत हळद, चहापूड, माती, काही घालायचं नाही. धार थांबतच नसेल तरच जखमेच्या वर रुंद कापड आवळून बांधा आणि किती वाजता बांधलं ते लिहून ठेवा. सुतळी किंवा तार नको.

तुटलेलं बोट किंवा हात टाकून देऊ नका. स्वच्छ पाण्यानं हलकं धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलं तर तो भाग मरतो. निघतानाच फोन करून विचारा की तुटलेला भाग जोडायची सोय तिथं आहे का. मिरज-सांगलीकडं किंवा कऱ्हाडकडं, जिथं सोय असेल तिथंच थेट जा. मधल्या दवाखान्यांत घालवलेला वेळ परत मिळत नाही.

पोरावरून चाक गेलं, आणि ते उठून बसलं, बोलायला लागलं, तरी दवाखान्यात न्याच. पोटातला रक्तस्राव बाहेर दिसत नाही. मान-पाठीला मार असेल तर उचलताना अंग वळू न देता फळीवर घ्या.

१०८ ला फोन लावला की पहिला प्रश्न येतो, "कुठं यायचं?" वस्तीला घरनंबर नसतो, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या वस्तीची वाटही सांगता येत नाही. म्हणून आम्ही पडवीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: गावाचं नाव, वस्तीचं नाव, गट नंबर, कुठल्या फाट्यावरून वळायचं, पाण्याच्या टाकीपासून डावीकडं तिसरी वस्ती. खाली १०८, त्याखाली शेजारच्या दोन गाडीवाल्यांचे नंबर. अक्षरं मोठी काढलीत, चष्म्याशिवाय आबांना वाचता येतील एवढी.